माल फारच सुंदर आहे

माझी सांगलीची नणंद अजूनही लोकांना सांगते, "आमची वहिनी जयपूरला गोऱ्या लोकांना चहा पाजायची." मी तिला कधी दुरुस्त केलं नाही, कारण त्यात निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यात पाहुण्यांना बांधायचे साफे म्हणजे इथले फेटे, झेंडे, हार, गाड्या आणि कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं नाही हे लक्षात ठेवणं येतं. आमचं कार्यालय जयपूरच्या कडेला, झालान्यात होतं. राजस्थानातला माल परदेशी जावा म्हणून खटपट करणं हे त्याचं काम, आणि परदेशातून व्यापारी शिष्टमंडळ आलं की त्याची उठबस करणं हे माझं. पदाचं नाव संपर्क अधिकारी. विमा कंपनीतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून मी जयपूरला आले. त्याच्या पुढे आणखी बदल्या झाल्या, तो गेला आणि परतही आला. मी मात्र वैशाली नगरच्या घरातून झालान्याला जात राहिले ती निवृत्त होईपर्यंत.

दोन देशांचे संबंध दृढ झाले असं वर्तमानपत्रात येतं तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. दिल्लीत वरची मंडळी करार करतात. मग त्या देशाचे मंत्री, अधिकारी आणि व्यापारी विमानात बसून येतात. दिल्लीत भाषणं, आग्र्याला ताजमहाल आणि मग जयपूरला व्यापार, हा ठरलेला रस्ता. जयपूरला पोचेपर्यंत निम्म्यांची पोटं बिघडलेली असतात आणि सगळ्यांना हत्तीवर बसायचं असतं. अशा लोकांना वेळेवर सभागृहात आणायचं, आपल्या व्यापाऱ्यांसमोर बसवायचं आणि हसतमुख परत पाठवायचं, ही माझी नोकरी.

या नोकरीची पुस्तकं नाहीत. जे शिकले ते फजितीतून. एकदा एका छोट्या देशाचा झेंडा आयत्या वेळी शिवून घ्यावा लागला. आमचे मास्टरजी एरवी लग्नाच्या बँडवाल्यांचे डगले शिवायचे. त्यांना तो झेंडा फारच साधा वाटला. सकाळी मी सभागृहात आले तर झेंड्याच्या चारी बाजूंनी सोनेरी गोटा, म्हणजे जरीची किनार, लावलेला. राजशिष्टाचारात कुठल्याही देशाच्या ध्वजाला गोटा लावायची तरतूद नाही. मी आणि आमचा शिपाई खुर्चीवर चढून तो उसवत बसलो. तेवढ्यात राजदूतीणबाई आत आल्या, त्यांनी पाहिलं, आणि आम्हाला खाली उतरवून म्हणाल्या की राहू दे, छान दिसतोय. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत तो देश लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

दुसरा धडा दाल-बाटीचा. साजूक तुपात बुडवलेली बाटी खाल्ल्यावर कुठल्याही देशाचा माणूस तीन वाजता जागा राहू शकत नाही, हे मला एका सहीच्या कार्यक्रमात कळलं. तिकडचे सचिव पेन हातात धरून शांत झोपले होते. तेव्हापासून आमच्याकडे सह्या जेवणाआधी. आमच्या घरीही या सगळ्याचं कौतुक फारसं नव्हतं. माझी मुलगी जयपूरच्या शाळेत वाढलेली, तिचं मराठी तसंच. ती सकाळी विचारायची, "आई, मतलब आज पण साफेवाले लोक येणार? मग मी मॅगी बनवून घेऊ ना?"

पण मला सांगायची आहे ती गोष्ट चिलीची. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला आपला आणि चिलीचा आयातकराच्या सवलतींचा करार झाला आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे शिष्टमंडळं सुरू झाली. आमच्या कार्यालयात भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यावर जयपूरपासून चिलीपर्यंत रेघ ओढायला माझी पट्टी पुरली नाही. तिथे आपल्या हिवाळ्यात उन्हाळा असतो, बोलतात स्पॅनिश, आणि विकायला त्यांच्याकडे तांबं, सफरचंदं, द्राक्षं आणि वाइन. आमच्याकडे द्यायला रत्नं, रजया, गालिचे आणि संगमरवर.

स्पॅनिश येणारं माणूस जयपुरात कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. तो माझ्या शेजारीच सुटला. आमच्या गल्लीत अनघा नावाची मुलगी भाड्याने राहत होती. मुलगी म्हणते, पण तिशी ओलांडलेली. पुण्यात स्पॅनिश शिकलेली आणि इथल्या एका आयटी कंपनीत तिकडच्या ग्राहकांशी फोनवर बोलणारी. मी तिच्याकडे कोथिंबीर मागायला गेले आणि दुभाषी घेऊन आले. तिने कंपनीतून रजा घेतली. अट एकच घातली, "काकू, साफा मला नाही बांधायचा. केस बसतात."

तिच्यामुळे मला आणखी एक सोय झाली. अख्ख्या सभागृहात मराठी कळणारे आम्ही दोघीच. एका उपमंत्र्यांच्या देखत आम्ही त्यांच्या टायबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही.

शिष्टमंडळ आलं ते दिवाळीच्या तोंडावर. सगळ्यात पुढे हे उपमंत्री, मग तांब्याचे लोक, मग फळांचे, मग वाइनचे. यादीत सगळ्यात शेवटी एक बाई होत्या, एल्सा नावाच्या. ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, खांद्यावर लोकरीची शाल आणि हातात लाकडी पेटी. ती पेटी त्या हमालालाही देईनात. दिल्लीत त्यांच्याशी बोलायला कोणाला वेळ झाला नव्हता. आम्ही आपसांत त्यांना एल्साबाई म्हणायला लागलो ते शेवटपर्यंत.

गाडीत त्यांनी पेटी उघडून दाखवली. आत लाजवर्दाचे दगड होते. लाजवर्द म्हणजे गडद निळा दगड, त्यात सोनेरी ठिपके असतात. आपल्याकडे तो फार जुन्या काळापासून अफगाणिस्तानातून येतो. पण चिलीतल्या डोंगरातही तो निघतो हे मला माहीत नव्हतं. एल्साबाईंची छोटीशी खाण होती, अगदी उंचावर. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. आमच्या दिवाळीनंतर तिकडे उन्हाळा लागतो, मग बर्फ काढून रस्ता मोकळा करायचा आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचं. नवरा गेल्यावर खाण त्यांनीच चालवली. पण दोन उन्हाळ्यांचा माल पडवीत पडून होता. या वेळी गिऱ्हाईक मिळालं नाही तर रस्ता मोकळा करायचा नाही, असं त्यांनी माणसांना सांगून ठेवलं होतं. माणसं द्राक्षाच्या मळ्यांत कामाला निघून जातील.

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

अनघाने विचारून सांगितलं, "म्हणतायत, एकदा माणसं खाली उतरली की परत वर येत नाहीत. खाण बंद म्हणजे बंद."

शिष्टमंडळ परवा सकाळी दिल्लीला परतणार होतं. म्हणजे बाईंच्या हातात उद्याचा आणि आजचा उरलेला दिवस.

आता आमच्या साहेबांबद्दल सांगायला हवं. माथुरसाहेब अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांना आयुष्यात एकच भीती होती, पाहुणा रागावण्याची. काही महिन्यांपूर्वी जौहरी बाजारातल्या कोणीतरी एका परदेशी माणसाच्या रत्नांना कोळसा म्हटलं होतं आणि तो माणूस हॉटेलात जाऊन बसला होता. तेव्हा या वेळी साहेबांनी आधीच सगळ्या रत्नव्यापाऱ्यांना परिपत्रक काढलं. पाहुण्यांचं स्वागत प्रेमाने करावं, त्यांच्या मालाबद्दल कोणतेही अनुदार उद्गार काढू नयेत, दोष दाखवू नयेत, दोन देशांच्या मैत्रीचं भान ठेवावं. मला दाखवून म्हणाले, "सुनंदाजी, ये लोग सात समंदर पार से आ रहे हैं. हमारे जौहरियों की ज़बान आप जानती ही हैं."

परिपत्रकाचा परिणाम असा झाला की दृष्ट लागावी. त्या दिवशी दुपारभर मी आणि अनघा एल्साबाईंना घेऊन जौहरी बाजाराच्या गल्ल्यांतून फिरलो. जिथे जाऊ तिथे झेंडूची माळ, पेढे, चहा. शेटजी दगड हातात घ्यायचे, खिडकीशी नेऊन बघायचे, आणि म्हणायचे, "बहुत सुंदर. माल बहुत ही सुंदर है." दुसरीकडे, "वाह, क्या रंग है." तिसरीकडे तर शेटजींनी दगड कपाळाला लावला. अनघा भाषांतर करून थकली. स्पॅनिशमधले सुंदर या अर्थाचे सगळे शब्द तिने त्या दुपारी संपवले. एल्साबाई आधी लाजल्या, मग खुलल्या, मग हळूहळू गप्प झाल्या.

संध्याकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर त्यांनी अनघाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, एवढं सगळ्यांना आवडलं, मग भाव कोणीच कसा विचारला नाही?"

माथुरसाहेब मात्र खुशीत होते. एकही तक्रार नाही म्हणून त्यांनी मला फोनवर शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपमंत्री तांबं आणि सफरचंदं घेऊन आमच्या कार्यालयात आले. तिथे त्यांचं स्वागत झालान्याच्या जंगलातल्या माकडांनी केलं. नमुन्याची सफरचंदं गच्चीवर मांडली होती, ती भाषण संपायच्या आत गेली. चिलीशी फळांचा व्यापार माकडांनी आमच्या आधी सुरू केला असं आम्ही पुढे म्हणत असू. त्या गडबडीत मी एल्साबाईंना घेऊन निसटले, कारण रत्नव्यापाऱ्यांच्या यादीत एकच नाव उरलं होतं, भंवरलालजींचं.

भंवरलालजी म्हणजे जौहरी बाजारामागच्या एका अरुंद जिन्यावरची जुनी गादी. पांढरी चादर, लोड, आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. ते दगड फक्त त्या खिडकीच्या उजेडात बघायचे, दिव्याखाली कधीच नाही. शिवाय पक्के जैन, सूर्यास्ताच्या आत घरी जेवायला जायचे, त्यामुळे ऊन उतरलं की दुकान आवरलंच. स्वभावाने तिरसट. मला ते नेहमी म्हणायचे, "मॅडमसा, आप मेहमान कम लाते हो, फोटोवाले ज़्यादा."

त्यांनी पेटीतला पहिला दगड घेतला, खिडकीशी धरला आणि म्हणाले, "ये तो आधा सफ़ेद है." दुसरा घेतला, "इसमें दरार है." तिसऱ्याला पाणी लावून पाहिलं, "अफ़गानी माल के सामने ये क्या है? सोना कम, चूना ज़्यादा. इसका मोती बनाओ तो टूटेगा, नग बनाओ तो चमकेगा नहीं." एकेक दगड घेऊन ते बोलत राहिले. अनघा माझ्याकडे बघायला लागली. मी खुणेने म्हटलं, सौम्य करून सांग. पण चेहऱ्यावरचा भाव भाषांतराआधीच पोचतो. त्यात शेवटी ते म्हणाले, "ये तो फ़र्श में लगाने का पत्थर है," आणि फरशीकडे बोटही दाखवलं.

एल्साबाई उठल्या. एकेक दगड कापडात गुंडाळून पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि जिना उतरल्या. अनघा त्यांच्यामागे धावली. मी तिथेच थांबले आणि माझा पारा चढला. मी म्हणाले, "सेठजी, परिपत्रक मिला नहीं था क्या?"

"मिला था. पढ़ा भी."

"मग... फिर ऐसा क्यों बोले? वो बाई कितनी दूर से आई है. उसकी खान बंद होने वाली है."

भंवरलालजींनी भिंग खाली ठेवलं. "मॅडमसा, बैठो. तारीफ़ तो मैं मंदिर में करता हूँ. जिस माल में खोट न निकालूँ, उसका भाव कैसे करूँ? पहले खोट, फिर भाव, फिर सौदा. ये हमारे यहाँ का क़ायदा है. आपके साहब ने पूरे बाज़ार का मुँह बाँध दिया. कल चार जने मेरे पास आए थे, कह रहे थे माल लेना है पर करें क्या, तारीफ़ कर बैठे हैं. अब किस मुँह से कम बोलें?"

मी गादीच्या कडेला टेकले. म्हणजे आदल्या दिवशी ज्यांनी ज्यांनी सुंदर म्हटलं त्यांनी आपल्याच हाताने दार लावून घेतलं होतं. आणि दगड कपाळाला लावणारे शेट तर कायमचे बाद.

"तो आपको माल चाहिए?" मी विचारलं.

"नहीं चाहिए होता तो मैं भी चाय पिलाके भेज देता. हरा और फिरोज़ी सब पहनते हैं, ये रंग इधर किसी के पास नहीं. अफ़गानी से अलग है. मुझे सब चाहिए. पर ये बात उनको मत बोलना." आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "आज उजाला जाने से पहले ले आओ. मैं फिर खाना खाने जाऊँगा."

खाली अनघाने एल्साबाईंना एका रसवंतीच्या बाकावर बसवलं होतं. बाई रडत नव्हत्या, नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या. मी अनघाला सगळं सांगितलं, तिने त्यांना. शेटजींना माल हवाय एवढं सोडून, त्यांची पद्धत अशी आहे, जो नावं ठेवतो तोच घेतो, आणि दुकान उजेड असेपर्यंतच, हे सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुम्ही सरकारी माणसं, माझं समाधान करणं तुमचं कामच आहे. माझ्या नवऱ्याच्या खाणीतल्या दगडाला फरशी म्हणणाऱ्याकडे मी परत जाणार नाही." मग अनघा स्वतःचं म्हणाली, "काकू, खरं सांगू? मलाही पटलं असतं असं नाही."

मला त्या बाईंचं मनापासून वाईट वाटत होतं आणि आपण काहीच करू शकत नाही याचा रागही येत होता. मग त्याच म्हणाल्या की आता उरलेला वेळ वाया नको, वर डोंगरात पांघरायला इथली रजई घ्यायची आहे, हलकी आणि उबदार असते असं विमानात कोणीतरी सांगितलं. म्हणून आम्ही बापू बाजारात गेलो.

आता रजईच्या दुकानात मी काही योजून केलं, असं कोणी समजू नये. मी फक्त खरेदी केली, सांगलीच्या बाजारात माझी आई करायची तशी. दुकानदाराने रजई उलगडली. मी एक कोपरा चिमटीत धरून म्हटलं, "भैया, ये रजई है की पापड़? इसमें रुई डाली है या भूल गए?"

"मॅडम, वज़न मत देखो, गरमाई देखो."

"गरमाई दिखेगी कहाँ से, टाँके तो देखो. एक इधर, एक उधर. आणि ये फूल का रंग पहले पानी में जाएगा."

"पक्का रंग है मॅडम."

"मागच्या... पिछली बार भी यही बोले थे." मागच्या वेळी मी त्या दुकानात गेलेच नव्हते. मी त्या दोघींना घेऊन दुकानाबाहेर पडले, चार पावलं गेले, त्याने हाक मारली, मी परत आले, अस्तराला नाव ठेवलं, पुन्हा निघाले, पुन्हा हाक आली. शेवटी रजई बांधून घेतली आणि दुकानदाराने आनंदाने आम्हाला पाणी दिलं.

एल्साबाई हे सगळं बघत होत्या. अनघा त्यांच्या कानात सगळं भाषांतर करत होती. पापडाची उपमा समजावताना तिला बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर बाईंनी माझा दंड धरून थांबवलं आणि काहीतरी विचारलं.

अनघा हसत म्हणाली, "विचारतायत, इतकी वाईट होती तर घेतली कशाला?"

मी रजईचं गाठोडं सावरत होते. तोंडातून निघून गेलं, "अगं, वाईट असती तर एवढं बोलले कशाला असते?"

अनघाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ते वाक्य स्पॅनिशमध्ये सांगितलं. एल्साबाई उभ्याच राहिल्या. गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेटीकडे. आणि मग त्या हसायला लागल्या. भर बापू बाजारात, पोटावर हात धरून. दुकानदारही बाहेर येऊन आमच्याबरोबर हसला, कशाला ते त्याला माहीत नव्हतं. हसणं आवरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो मला भाषांतराशिवाय कळला. त्या आकाशाकडे बोट दाखवून उजेड किती आहे ते विचारत होत्या.

दिवाळीची गर्दी होती. गाडीचं नावच नको, आम्ही चालत निघालो, पुढे मी रजई घेऊन, मागे एल्साबाई पेटी घेऊन, शेवटी अनघा दोघींना चपला-बूट सांभाळा म्हणत. भंवरलालजी उठून उपरणं खांद्यावर टाकत होते. आम्हाला बघून पुन्हा बसले. चेहरा मात्र तसाच आंबट.

एल्साबाई गादीवर मांडी घालून बसल्या. पेटी उघडलीच नाही. आधी चहा आला. त्यांनी घोट घेतला आणि अनघाला म्हणाल्या, अनघाने सांगितलं, "म्हणतात, चहा फार गोड आहे." मग खिडकीतली एक मण्यांची माळ उचलली, डोळ्याशी नेली. "भोकं वाकडी पाडली आहेत." मग खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं. "काच पुसलेली नाही, म्हणून यांना माझे दगड पांढरे दिसले."

भंवरलालजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. "अब बात हुई," ते म्हणाले आणि नोकराला काच पुसायला सांगितलं.

मग जे झालं ते ऐकण्यासारखं होतं. ते म्हणायचे दरार, त्या म्हणायच्या तुमचं भिंग जुनं. ते म्हणायचे सफेद, त्या म्हणायच्या तो आमच्या डोंगरातला बर्फ आहे, त्याचे वेगळे पैसे मागत नाही. अनघा एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड करून घामाघूम. शेवटी भंवरलालजींनी कमरेचा पांढरा रुमाल काढला आणि थबकले.

जयपूरच्या रत्नबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं धरून भाव ठरतो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. पण शेटजी रुमाल हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडमसा, बाप-दादा के टाइम से इस रुमाल के नीचे किसी औरत का हाथ नहीं आया."

अनघाने ते सांगितलं. एल्साबाई म्हणाल्या, "माझ्या खाणीतही कुठली बाई आली नव्हती. बाई आत आली तर डोंगर रुसतो म्हणायचे. मी गेले. अजून रुसला नाही." आणि त्यांनी हात पुढे केला.

भंवरलालजींनी आधी उघड्यावर कुठलं बोट म्हणजे काय ते समजावलं, आणि मग रुमाल टाकला. अनघाला करायला काही नव्हतं, मलाही नव्हतं. दोन देशांच्या करारासाठी दिल्लीत एवढ्या खुर्च्या लागल्या होत्या, आणि इथे एका रुमालाखाली ही दोन माणसं एकमेकांची भाषा न येता बोलत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. एकदा बाईंनी हात ओढून घेतला, रजई उचलायची खूण केली आणि चार पावलं दाराकडे गेल्या. मी मनात म्हटलं, शिकल्या. शेटजींनी हाक मारली. त्या परत बसल्या. मग रुमाल बाजूला झाला तेव्हा भंवरलालजींनी हात जोडले. पेटीतलाच नाही, पडवीतला सगळा माल त्यांचा, आणि या उन्हाळ्यात निघेल तोही.

एल्साबाईंनी तिथूनच घरी फोन लावला. तिकडे सकाळ होती. त्या काय बोलल्या ते अनघाने मला सांगितलं नाही, तीच डोळे पुसत होती. पण पलीकडून ओरडणं आणि भांडी वाजवल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. शेटजी उपरणं घेऊन जिन्याकडे निघाले, कारण ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं.

त्या संध्याकाळी सी-स्कीममधल्या हॉटेलात सहीचा मोठा कार्यक्रम झाला. परस्पर सहकार्य वाढवण्याबद्दल सामंजस्याचा एक करार होता, त्यावर उपमंत्र्यांनी आणि आमच्या माथुरसाहेबांनी सह्या केल्या, फोटो निघाले, जेवण नंतर झालं. त्या कराराचं पुढे काय झालं हे मला आजवर कळलेलं नाही. साहेबांनी भाषणात परिपत्रकाचा उल्लेख केला, एकही पाहुणा दुखावला गेला नाही म्हणून. एल्साबाईंनी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

खाण उघडली का हे मला कसं कळलं, असं विचाराल तर भंवरलालजींच्या फोनमुळे. पुढच्या वर्षी आमचा फोन वाजला आणि ते म्हणाले, "मॅडमसा, आपकी चिलीवाली ने इस बार और भी सफ़ेद माल भेजा है." म्हणजे डोंगर चालू होता. अनघाकडे एल्साबाईंचाही निरोप आला. रजई आखूड आहे, पाय बाहेर राहतात, फुलांचा रंग एका धुण्यात गेला, दुकानदाराला सांगा. मी बापू बाजारात जाऊन आणखी दोन रजया पाठवल्या, लांब बघून.

एक रुखरुख आहे ती सांगून टाकते. एवढ्या देशांचे झेंडे मी लावले, पण स्वतः कुठे गेले नाही. जायचे ते साहेब लोक. चिलीला शिष्टमंडळ आपल्याकडून गेलं तेव्हाही मी विमानतळावर हार घेऊनच उभी होते. एल्साबाईंनी खूपदा बोलावलं. गुडघे म्हणतात आता तेवढ्या उंचावर नको. मुलीने त्यांच्या डोंगराचे फोटो कॉम्प्युटरवर दाखवले. "आई, मतलब हे एवढ्या वर आहे?" ती म्हणाली.

आणि मग माझा निरोपसमारंभ झाला. आमच्या झालान्याच्या सभागृहात, आणि त्या दिवशी साफा मला बांधला. माथुरसाहेबांनंतर आलेले साहेब होते, व्यापाऱ्यांच्या चेंबरची मंडळी होती, अर्धा जौहरी बाजार होता. एकेक जण उठून बोलला. मॅडमसारखी कार्यतत्पर अधिकारी नाही. मॅडम म्हणजे आदर्श. मॅडमची उणीव भासेल. दगड कपाळाला लावणारे शेटही बोलले. मी मान डोलावत होते आणि आतून उदास होत चालले होते. हे सगळं मी कुठेतरी ऐकलेलं होतं.

शेवटी भंवरलालजी उठले. काठी टेकत पुढे आले, माइक बाजूला सारला. म्हणाले, "मॅडमसा ने हमें कभी टाइम पे नहीं छोड़ा. मीटिंग चार की बोलके पाँच तक बैठाया. चाय हमेशा ठंडी. इतने साल हो गए, हिंदी अभी भी मराठी में बोलती हैं. मेहमान के सामने हमको डाँटती थीं. फोटोवाले हर बार मेरी गादी पर जूते लेके चढ़े, एक बार नहीं रोका." सभागृहात चुळबुळ सुरू झाली. नवे साहेब पुढे वाकून त्यांना थांबवायच्या बेतात होते. पण शेटजी बोलतच राहिले, एकेक गोष्ट आठवून, वर्षानुवर्षांची, मीही विसरलेली. त्यांना एवढं सगळं लक्षात होतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारी अनघा बसली होती. तिने माझ्या हातावर रुमाल ठेवला आणि हळूच म्हणाली, "काकू, शेटजींना माल पसंत आहे."